सायकलीत हवा कोण भरणार?

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
मा. महानगर आयुक्त, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए)
मा. महाव्यवस्थापक, बेस्ट उपक्रम

विषय: मुंबईची सार्वजनिक सायकल सेवा बेस्टकडे सोपवण्याबाबत

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

मी विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात राहते आणि बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) एका ऑफिसात अकाउंट्सचं काम करते. घरून स्टेशनापर्यंत शेअर रिक्षा, विक्रोळीहून कुर्ल्याला स्लो लोकल, कुर्ला पश्चिमेला उतरून पुन्हा शेअर रिक्षा नाहीतर बस. गेली सोळा वर्षं हाच क्रम. यातली लोकल जेमतेम दहा-बारा मिनिटांची. घाटकोपर, विद्याविहार, की आलंच कुर्ला. बाकीचा सगळा वेळ आणि सगळी दमछाक दोन टोकांना. कुर्ल्याचा पूल उतरले की रिक्षाच्या रांगेचं शेपूट कुठे आहे ते आधी शोधायचं. पावसाळ्यात तर छत्रीला छत्री लागून पुढच्याचं पाणी मागच्याच्या पाठीवर, आणि रिक्षा येईल तेव्हा येईल.

दोन्ही टोकं मिळून अंतर भरतं साडेचार किलोमीटरच्या आसपास. चालायला लांब आणि मीटरच्या रिक्षावाल्याला जवळ, असं हे अंतर आहे. त्याला 'कन्नमवार' म्हटलं की तो मान हलवतो. मला त्याचाही राग येत नाही, लांबचं भाडं सोडून तो का येईल? पण हे अंतर सायकलचं आहे. माझ्यासारख्या लाखो माणसांच्या प्रवासात लोकलच्या अलीकडे-पलीकडे असाच एक-दोन किलोमीटरचा तुकडा असतो, आणि रोजचा वैताग त्यातच असतो. म्हणून मुंबईत भाड्याच्या सायकलींची योजना आली अशी बातमी दिसली की मी ती शेवटपर्यंत वाचते. दर वेळी आशा वाटते.

या बातम्या बऱ्याच झाल्या. २०१० मध्ये मुलुंड स्टेशनाजवळ काही तरुणांनी कॉलेजच्या मुलांसाठी 'सायकल चलाओ' सुरू केलं. २०११ च्या सुमारास बीकेसीत सुमारे तेरा किलोमीटरचा सायकल ट्रॅक झाला. मी तेव्हा नोकरीत नवी होते. त्या ट्रॅकवर मी सायकलींपेक्षा उभ्या केलेल्या मोटारीच जास्त पाहिल्या, आणि पुढे तो ट्रॅक मोडीतच निघाला. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने 'जन सायकल सहभाग प्रणाली' आणली, २०१९ मध्ये बीकेसीत ॲपवर चालणाऱ्या ई-बाइक आल्या, २०२० मध्ये मेट्रो वनच्या जागृती नगर स्टेशनाबाहेर भाड्याच्या सायकली लागल्या. तानसाच्या जलवाहिन्यांलगतची अतिक्रमणं काढून मुलुंड ते सायन ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग करायचं महापालिकेने जाहीर केलं, त्याला 'ग्रीन व्हील्स अलाँग ब्लू लाइन्स' असं नावही दिलं. तो सलग झाला असता तर मी हे पत्र कदाचित लिहिलंच नसतं.

पवईचा विषय वेगळा ठेवते. तलावाकाठच्या सायकल ट्रॅकचं बांधकाम बेकायदा ठरवून ते काढून टाकायचा आदेश उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. सायकल मला प्रिय असूनही तो निकाल मला पटला. तलाव बुजवून सायकल कशाला? आणि मुळात तो मार्ग रविवारी सकाळी फेरी मारणाऱ्यांसाठी होता. त्यांना जरूर फिरू द्या. पण सोमवारी सकाळी साडेआठला ज्याला कामावर पोहोचायचंय त्याचा विचार आधी करा.

इतक्या योजना आल्या, तरी मी रोज रिक्षाच्याच रांगेत का उभी असते? माझ्यापुरतं उत्तर मला फार पूर्वीच मिळालं होतं, सायकलच्या दुकानात.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या कन्नमवार नगरात भाड्याने सायकली देणारं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी आणि तिच्यापुढे ओळीने लावलेल्या सायकली, लहान पुढे, मोठ्या मागे. प्रत्येकीच्या मागच्या मडगार्डवर लाल रंगात नंबर. तासाला एक रुपया, अर्ध्या तासाला आठ आणे. काका रेघांच्या वहीत नाव, बिल्डिंग नंबर आणि वेळ लिहून घ्यायचे. डिपॉझिट नाही की ओळखपत्र नाही. 'कितव्या बिल्डिंगमधली गं तू?' एवढंच विचारायचे, आणि त्यांना सगळ्या बिल्डिंगा पाठ होत्या. मी हाफ पेडलपासून पुढे सगळं तिथेच शिकले. सात नंबरची सायकल माझी लाडकी, तिची घंटी खणखणीत वाजायची.

काका सायकल हातात देण्याआधी दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघायचे. परत आणली की पुन्हा दाबायचे, हँडल धरून पुढचं चाक उचलून फिरवायचे आणि कानाने ऐकायचे. काही घासलं तर आमच्यासमोरच पान्हा निघायचा. पायाशी पाण्याचं घमेलं कायम भरलेलं. ट्यूब त्यात बुडवली की बुडबुडा दिसेपर्यंत आम्ही चार-पाच पोरं श्वास रोखून बघत बसायचो. बुडबुडा आला की त्यावर काकांचं बोट, मग काचपेपर, मग सोल्यूशन, मग ठिगळ. सात नंबर चार वाजता पंक्चर झाली, तर साडेचारला पुन्हा भाड्यावर असायची.

आज ज्याला आपण सार्वजनिक सायकल सेवा म्हणतो ती मराठी माणसाला नवी नाही. गावोगावी, पेठापेठांत, चाळीचाळींत ती होती. ती चालायची कारण तिथे रोज सकाळी सायकलीत हवा भरणारा एक माणूस होता, आणि सायकल बिघडली तर कोणाकडे जायचं हे शाळकरी पोरालाही ठाऊक होतं.

आता दुसरं टोक सांगते. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका स्टेशनाबाहेर मी ॲपवरची सायकल घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. पहिल्या सायकलीचं कुलूप उघडेना. दुसरीची सीट इतकी उंच की पाय टेकेनात, आणि ती खाली घ्यायची खिट्टी गंजलेली. तिसरी मिळाली. पाच मिनिटांत, भर सिग्नलला, तिची चेन पडली. मागे बसवाले हॉर्न वाजवतायत, मी पंजाबी ड्रेसमध्ये फुटपाथच्या कडेला उकिडवी बसून चेन चढवतेय. काकांनी शिकवलेलं होतं म्हणून जमलं. सायकल नेमलेल्या जागी लावली तर कुलूप लागेना, आणि कुलूप लागल्याशिवाय भाडं थांबेना. ॲपमध्ये तक्रार टाकली. 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे' असं इंग्रजीत उत्तर आलं, आणि त्यापुढे काही नाही. बोटांचं काळं ग्रीस लेजरच्या पानाला लागलं तो दिवस मला अजून आठवतो. पैसे गेले ते थोडेच होते. पण तिथे आजूबाजूला विचारायला एक माणूस नव्हता, हे मनाला लागलं.

पुण्यात याहून मोठ्या प्रमाणावर हेच झालं. २०१७ च्या शेवटी तिथे भाड्याच्या सायकली आल्या, एकामागून एक कंपन्या उतरल्या, शहर रंगीबेरंगी झालं. कधीकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात! दोनेक वर्षांत बहुतेक कंपन्यांनी गाशा गुंडाळला. कुलपं तुटली, सीट गेल्या, सायकली कुठेही पडून राहिल्या. लोकांना शिस्त नाही, असं तेव्हा खूप जण म्हणाले. लोकांचा दोष नाही असं मी म्हणणार नाही. पण मडगार्डवर रंगाने नंबर टाकलेली सात नंबर आमच्या नगरात कोणी नाल्यात टाकली नाही, कारण ती काकांची होती. ॲपवरची सायकल कोणाचीच वाटत नाही.

त्याच वर्षी, जून २०१७ मध्ये, मैसूरने 'ट्रिन ट्रिन' सुरू केली. ४५० सायकली, ४८ स्थानकं. सायकल कुठेही सोडायची नाही, ठरलेल्या स्थानकातच अडकवायची. घ्यायला स्मार्ट कार्ड चालायचं. मागे मैसूर महापालिका आणि राज्याचं शहरी भू-परिवहन संचालनालय उभं. चीनमधल्या हांगझोऊ शहराने २००८ मध्ये सायकली आणल्या त्या थेट शहराच्या सार्वजनिक वाहतूक कंपनीमार्फत. पहिला तास फुकट. बसमधून उतरलेला माणूस पुढे सायकल घेतो, आणि दोन्ही एकाच घरचं असतं.

मुंबईतही ते एकाच घरचं असावं, एवढंच मला म्हणायचं आहे. सायकल सेवा बेस्टकडे द्या.

बेस्टचा इतिहास मी तुम्हाला सांगायला नको, तरी एक गोष्ट आठवून देते. मुंबईत बस धावली १९२६ मध्ये, आणि ती चालवत होती खासगी कंपनी. ऑगस्ट १९४७ मध्ये महापालिकेने ती कंपनी ताब्यात घेतली. रोजचा प्रवास ही शहराची जबाबदारी आहे, असं त्या लोकांनी ठरवलं म्हणून आपण आज बेस्टला 'आपली बस' म्हणतो. कंडक्टरशी भांडतो, पण आपली म्हणतो. सायकलला तो आपलेपणा हवा आहे, आणि तो देण्याचं सामान बेस्टकडे तयार आहे. आगारं आहेत, आगारात हवा भरायचा कॉम्प्रेसर आहे, हात काळे करायची सवय असलेले मेकॅनिक आहेत, चौक्या आहेत, तिथे बसणारा टाइमकीपर आहे. बसमध्ये आणि मेट्रोत चालणारं नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड आहे. त्याच कार्डाने सायकलचं कुलूप उघडू द्या. आमच्या बिल्डिंगमध्ये धुणीभांडी करणाऱ्या मावशींकडे साधा फोन आहे, ॲप नाही. त्या पहाटे सहाला स्टेशनाकडून चालत येतात. सार्वजनिक या शब्दात त्या येतात की नाही, हे आधी ठरवा.

बेस्ट स्वतःच तोट्यात आहे, तिच्या गळ्यात हे कशाला, असं तुम्ही म्हणाल. मी हिशेबाचंच काम करते, त्यामुळे हा प्रश्न मला कळतो. बेस्टच्या स्वतःच्या गाड्या कमी होत चालल्या आहेत, भाडेतत्त्वावरच्या बसचा ठेकेदार बाजूला झाला की थांब्यावर काय होतं तेही आम्ही पाहिलंय. मे २०२५ मध्ये किमान भाडं पाचावरून दहा रुपये झालं, तेही आम्ही निमूट देतोय. म्हणूनच सायकलसाठी वेगळा पैसा महापालिकेने आणि एमएमआरडीएने द्यावा, बेस्टच्या तुटीत तो मिसळू नये. उड्डाणपुलावरून मोटार जाते तेव्हा तो पूल नफ्यात आहे का असं आपण विचारत नाही. सायकललाच तेवढं का विचारायचं? एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली उभ्या राहतात, त्या जागेचं भाडं आज कोण कोणाला देतं तेही एकदा मांडून बघा.

दुसरं नेहमी ऐकू येतं ते म्हणजे, मुंबई सायकलचं शहर नाही. गर्दी, घाम, पाऊस. हे म्हणणाऱ्यांनी एकदा पहाटे साडेपाचला खाली उतरून बघावं. पाववाला सायकलवर येतो, मागे कॅरियरवर त्याच्याहून रुंद गोणपाट. पेपरवाला सायकलवर. दूधवाला सायकलवर. भोंगा वाजवत इडलीवाला सायकलवर. अकराच्या सुमाराला चर्चगेटबाहेर डबेवाल्यांच्या सायकली बघा, हँडलला दोन्हीकडे डबे लटकलेले, पाय जमिनीला टेकवून सिग्नल सुटायची वाट बघणारे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो या शहरात, आणि त्या पावसातही ही माणसं सायकलवर असतात. मुंबई रोज सायकलवर जेवते. फक्त ती सायकल गरिबाची आहे, म्हणून तिला रस्त्याच्या नकाशात जागा नाही. मला याचा मनापासून त्रास होतो.

पावसाळ्यात माझ्यासारखी बाई सायकल चालवेल का? चार महिन्यांतले बरेच दिवस नाही चालवणार. तेव्हा सायकली आगारात आणा, ओव्हरहॉलिंग करा, चेनला तेल द्या. बाकी आठ महिने आहेत ना.

रस्त्याबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती फार स्वस्तातली आहे. गटारावरच्या लोखंडी जाळ्या. बऱ्याच ठिकाणी त्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसवलेल्या असतात, आणि दोन पट्ट्यांमधली फट सायकलच्या टायरएवढी. पूर्व उपनगरातल्या एका रस्त्यावर माझं पुढचं चाक असंच आत गेलं आणि मी हँडलवरून पुढे फेकली गेले. मनगट महिनाभर पट्टीत होतं. सायकलवाला नेहमी रस्त्याच्या कडेलाच ढकललेला असतो, आणि जाळी नेमकी कडेलाच असते. तीच जाळी फिरवून आडवी बसवली तर चाक वरून निघून जातं. शहरात शेकडो किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करायचं काम काढलं आहे, सगळं खणलेलं आहे. मग जाळी आडवी बसवायला वेगळी निविदा लागते का? रस्ता आणि पेव्हर ब्लॉक यांच्यात राहणारी उभी चीरही तशीच, चाक खाणारी. मोटारीत बसलेल्या इंजिनीअरला ती दिसणार नाही. त्यांना एकदा सायकलवर बसवून त्या रस्त्यावरून न्या.

आता कुर्ला ते बीकेसी. सुरुवात इथून करा, कारण इथे गरज डोळ्यांना दिसते. पण आधी एक अडचण समजून घ्या, कारण सायकली आणून ठेवणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो. सकाळी सगळे जाणार कुर्ल्याहून बीकेसीला. उलट जाणारं जवळपास कोणी नाही. समजा नऊ ते दहा या वेळात हजार माणसांनी सायकल घेतली, तर कुर्ल्याचा स्टँड रिकामा होणार आणि बीकेसीत हजार सायकली संध्याकाळपर्यंत उभ्या राहणार. सव्वादहाला कुर्ल्यात उतरणाऱ्याला काय मिळणार? रिकामा स्टँड. दोन-तीनदा असं झालं की तो पुन्हा रिक्षाच्या रांगेत जातो आणि परत कधी सायकलकडे बघत नाही. त्यासाठी टेम्पो लागतो, सायकली उचलून उलट दिशेला नेऊन ठेवणारा, भर गर्दीच्या वेळेत, दिवसातून अनेकदा. टेम्पो, ड्रायव्हर, दोन हमाल, डिझेल. सायकल सेवेचा खरा खर्च सायकलीत नसतो, या टेम्पोत आणि काकांच्या घमेल्यात असतो. उद्घाटनाच्या फोटोत हा खर्च कधीच दिसत नाही, म्हणून बहुधा तो धरलाही जात नाही.

विक्रोळीत गोष्ट वेगळी आहे आणि सोपी आहे. तिथे सकाळी लोक कन्नमवार नगरातून आणि टागोर नगरातून स्टेशनाकडे जातात, तर दुसरीकडून कामाला येणारे, कॉलेजला येणारे स्टेशनावरून आत येतात. सायकल दोन्ही दिशांना फिरेल, टेम्पोच्या फेऱ्या कमी लागतील. अडचण आहे ती हायवेची. कन्नमवार नगर पूर्व द्रुतगती मार्गाच्या पलीकडे आहे, आणि तो मार्ग सायकल घेऊन ओलांडणं आज जिवावरचं काम आहे. तिथे सायकलला धड वाट मिळाली तर माझ्या शेजारची नववीतली मुलगीसुद्धा सायकलने क्लासला जाईल. तिची आई आज तिला जाऊ देत नाही, आणि आईचं बरोबर आहे.

सायकली घेताना एवढं बघा की मधला दांडा खाली असावा, मागच्या चाकाला साडी-ओढणी अडकू नये म्हणून जाळी असावी, सीट हाताने खालीवर होणारी असावी, पुढे पर्स आणि डबा मावेल अशी टोपली असावी. निर्णय घेणाऱ्या समितीत रोज लोकलने येणाऱ्या दोन बायका घेतल्यात तर हे कोणी पत्रातून सांगावं लागणार नाही.

विक्रोळी पूर्वेला स्टेशनाबाहेर पडलं की उजव्या हाताला भिंतीलगत एक मोकळी पट्टी आहे. आज तिथे बंद पडलेल्या दोन दुचाकी, एक मोडका हातगाडा आणि राडारोडा पडलेला असतो. मी पावलांनी मोजली आहे, चाळीस पावलं भरते. दाटीवाटीने लावल्या तर पन्नास सायकली, एक टपरी, आणि हवेचा पंप मावेल. आपल्यापैकी कोणाला ती जागा बघायची असेल तर सुट्टीचा वार सोडून कोणत्याही दिवशी या. सकाळी आठ वीसला मी तिथेच असते, दाखवून मग ८.३१ ची लोकल पकडेन.

आपली नम्र,
कन्नमवार नगरातली एक रोजची प्रवासी
विक्रोळी (पूर्व), मुंबई